एक ग्लायडर आणि एक झडप

विमा विकणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. लग्नात, बारशाला, अगदी तेराव्यालासुद्धा तो भेटतो. पण त्याने आणलेला प्रस्ताव स्वीकारायचा की परत पाठवायचा हे ठरवायला ऑफिसात कोणीतरी बसलेलं असतं, याची फार थोड्यांना कल्पना असते. ते काम मी चंडीगडमध्ये बरीच वर्षं केलं. आधी सरकारी कंपनीत, आणि खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर त्यांतल्या एकीत.

मी मूळची सांगलीची. यांना इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळाली, म्हणून मी पुण्याहून बदली मागून घेतली. मुलगी इथेच वाढली. मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज. शाळेत कोणीतरी तिला आईचं काम विचारलं, तेव्हा तिने सांगितलं होतं, "मम्मी लोगों को रिजेक्ट करती है." पालकसभेत तिच्या बाईंनी मला हे हसत हसत ऐकवलं. मीही हसले. फारसं चूक नव्हतं ते.

काम समजायला सोपं आहे. एखाद्या वयाची, धडधाकट, बैठं काम करणारी हजार माणसं घेतली, तर त्यांतली दर वर्षी साधारण किती जातील याचा अंदाज कंपनीकडे असतो. हप्ता त्यावरून ठरतो. मग समोर आलेला माणूस त्या हजारांत बसतो का, एवढंच मला बघायचं असे. मधुमेह, दमा, हृदयविकार, लवकर गेलेले आईवडील, खाणीतलं काम, डोंगर चढण्याचा छंद, असं काही निघालं की तो त्या हजारांतून बाहेर पडतो. मग जास्त हप्ता लावायचा, किंवा काही अटी घालायच्या, किंवा काही महिने थांबा म्हणायचं, नाहीतर सरळ नकार द्यायचा. माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न या कामात येत नाही. एक प्रश्न मात्र आम्ही प्रत्येक वेळी मनात विचारतो: याला विमा आत्ताच का हवा आहे?

त्या वेळी प्रस्तावावर फोटो लावायची पद्धत नव्हती, त्यामुळे गमती होत. सेक्टर बावीसमधल्या एका मिठाईवाल्या लालाजींचा प्रस्ताव आला. रक्तातली साखर उत्तम, वजन साठ किलो. मी दर शनिवारी त्यांच्याच दुकानातून बर्फी घेत असे. लालाजी गल्ल्यामागच्या खुर्चीत मावत नसत. मी त्यांना बोलावून घेतलं. ते पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन आले आणि तपासणीला भाच्याला पाठवल्याचं बिनदिक्कत कबूल केलं. "मॅडमजी, बीमा तो मेरा ही है ना? खून किसी का भी हो, क्या फर्क पड़ता है?" मी डबा परत केला आणि त्यांना स्वतः जायला लावलं. साखर भरपूर निघाली, उपचार सुरू झाले, आणि काही महिन्यांनी आम्ही त्यांना जास्त हप्त्यावर विमा दिला. त्यानंतर दुकानात मी दिसले की ते गिऱ्हाइकांना सांगत, "इन्होंने मेरी शुगर पकड़ी." जणू मी चोरच पकडला होता.

उलटंही व्हायचं. खरडजवळच्या एका गावातला तरुण पहिलवान होता. नाडीचे ठोके इतके कमी की तपासणाऱ्या डॉक्टरने अहवालावर मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी डॉ. पाठकांना विचारलं. पाठक नागपूरचे, इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत हृदयविकाराचे डॉक्टर, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला तबला वाजवणारे. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अहो वहिनी, हे हृदय तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं आहे. त्याला कुस्ती खेळू द्या आणि तुम्ही सही करा."

अशी शेकडो माणसं येऊन गेली. बहुतेकांची तोंडंही मी पाहिली नाहीत, कागदच पाहिले. तेच बरं असतं, असं आमचे वरिष्ठ सांगत. पण एक जोडपं मी वारंवार पाहिलं, आणि आज लिहायचं आहे ते त्यांच्याविषयी.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. आमचे एक एजंट होते, गुलाटी. गोरे, गोल, सफारी सूट घालणारे, आणि बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. एका दुपारी ते नवराबायकोला घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आमच्या ऑफिसात ग्राहकाला असं आत आणायची पद्धत नव्हती.

"मॅडमजी, ये दोनों मेरी नहीं सुनते," गुलाटी म्हणाले. "आप ही समझाओ."

नवऱ्याचं नाव राजन सूद. पिंजौरजवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. बारीक अंगकाठी, नीट इस्त्री केलेला शर्ट, बोलणं हळू. बायको नीलम, मनीमाजऱ्याच्या सरकारी शाळेत फिजिक्स शिकवायची. उंच, उन्हाने रापलेली, खुर्चीच्या काठावर बसणारी. मनीमाजऱ्यात जुन्या बाजारामागे राजनच्या आईच्या घरी राहत होते. मीनू नावाची दोन वर्षांची मुलगी होती. दोघांना आपापला विमा हवा होता आणि दोघांच्याही प्रस्तावात अडचण होती.

मी छंदाच्या रकान्यात 'ग्लायडर उडवणे' वाचलं आणि राजनकडे बघून विचारलं, "किती वर्षं उडवता?"

राजन हसला. "मी नाही मॅडम. ही."

नीलम कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत ग्लायडर शिकली होती. पिंजौरला धावपट्टी होती, तिथे रविवारी सकाळी ती जायची. इंजिन नसलेलं ते हलकं विमान लांब दोराने ओढून वर सोडतात, मग दोर सुटतो आणि ते हवेच्या आधाराने तरंगतं, हे तिने मला फिजिक्सच्या बाई समजावतात तसं समजावलं. माझ्या टेबलावरची पट्टी उचलून दाखवलंसुद्धा.

राजनची अडचण वेगळी होती. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता आणि त्याने हृदयाची एक झडप आकसली होती. लग्नाच्या वर्षभर आधी वैद्यकीय संस्थेत त्याची ती झडप फुग्याने उघडली होती. छाती न फाडता, मांडीतल्या शिरेतून नळी घालून. त्या काळात ते नवीनच होतं. आता तो ठीक होता, जिने चढत होता, रोज बसने पिंजौरला जाऊन येत होता.

गुलाटींचं म्हणणं असं की यातलं काहीच लिहायचं नाही. "छंदात 'वाचन' लिहा. फुग्याची खूण छातीवर दिसत नाही. कोणाला कळतंय?"

"आणि मी उद्या पडले तर?" नीलमने विचारलं.

"शुभ शुभ बोलो जी!"

"गुलाटीजी, शुभच होणार असेल तर विमा कशाला घेऊ?"

मी दोन्ही प्रस्ताव जसेच्या तसे ठेवून घेतले आणि बघते म्हणून सांगितलं.

आमच्या नियमांच्या जाडजूड पुस्तकात विमान चालवणाऱ्यांसाठी पानं होती, पण रविवारी ग्लायडर उडवणाऱ्या शाळेतल्या बाईंसाठी काही नव्हतं. मुंबईला मुख्य ऑफिसात लिहून उत्तर यायला महिने लागले असते. म्हणून एका रविवारी मी यांना घेऊन पिंजौरला गेले. तसं जायची काही गरज नव्हती, कामाचा भाग तर नव्हताच. बघावंसं वाटलं.

थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं. धावपट्टीच्या कडेला खाटा टाकलेल्या, एक चहावाला, चारदोन पोरं आणि उड्डाणाची वाट बघणारे लोक. नीलम ग्लायडरभोवती फिरत होती, प्रत्येक सांधा हाताने हलवून बघत होती. सगळं झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून तेच केलं. मग आत बसली. ग्लायडरला एकच चाक असतं, त्यामुळे उभं असताना ते एका पंखावर कलतं. सुटण्यापूर्वी कोणीतरी तो पंख धरून सरळ ठेवावा लागतो. त्या दिवशी पंख राजनने धरला होता. दोर ताणला गेला, ग्लायडर हललं, राजन त्याच्याबरोबर चार पावलं भरभर चालला आणि त्याने पंख सोडला. पळायची त्याला मनाई होती. क्षणात ती वर होती, शिवालिकच्या टेकड्यांच्या बाजूला.

मी मान वर करून बघत होते. राजन बघत नव्हता. तो येऊन खाटेवर बसला आणि चहा मागवला.

"तुम्हाला भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटते. म्हणून तर वर बघत नाही." मग म्हणाला, "मॅडम, मी तिला लग्नाआधीच सांगितलं होतं, माझं हृदय असं आहे. ती म्हणाली, माझा रविवार असा आहे. दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं. आता कोण कोणाला नको म्हणणार?"

नीलम खाली आली. गाल लाल झाले होते. मला म्हणाली, "मागच्या सीटवर बसा ना, एक चक्कर मारून आणते." यांनी लगेच माझी पर्स धरायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांची जोखीम मोजणाऱ्या माणसाला स्वतः जोखीम घ्यायची सवय राहत नाही, असं कारणही दिलं. यांनी ते वाक्य पुढे अनेक वर्षं पाहुण्यांना ऐकवलं.

नीलमचा प्रश्न सुटण्यासारखा होता. दोन मार्ग होते. एक म्हणजे अट घालायची, की ग्लायडरमध्ये मृत्यू आला तर कंपनी काही देणार नाही, बाकी कशानेही आला तर देईल. हप्ता नेहमीचा. दुसरा मार्ग, अट नाही पण हप्ता जास्त. मी तिला पहिला सुचवला. तो स्वस्त होता.

"म्हणजे मी पंख्याखाली बसून मेले तर पैसे, आणि वर मेले तर नाहीत?"

"हो."

"मग मला दुसरा द्या. उगाच स्वतःला फसवू कशाला?"

तिने जास्त हप्ता मान्य केला. सरकारी शाळेतल्या पगारात तो बोचणारा होता. तो भरता यावा म्हणून तिने संध्याकाळी दोन मुलांची शिकवणी धरली, हे मला गुलाटींकडून कळलं.

राजनचं काही होण्यासारखं नव्हतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: हृदयाच्या झडपेचा विकार, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, नकार. डॉ. पाठक म्हणाले, "फुग्याचं तंत्र नवं आहे वहिनी. ही माणसं पंधरा-वीस वर्षांनी कशी असतील, हे आम्हालाच अजून माहीत नाही. तुमच्या पुस्तकाला कुठून माहीत असणार?" तरी मी पाठकांचं मत जोडून वर पाठवलं. नकार आला.

नकाराचं पत्र टपालाने जायचं, पण मी राजनला बोलावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. चिडला नाही. सैन्यात भरती व्हायला गेला होता तेव्हाही असंच झालं होतं, म्हणाला.

"मग माझ्यासारख्याने काय करायचं?"

"बचत करा. पोस्टात, बँकेत. नियमाने."

"बचत व्हायलासुद्धा जगावं लागतं, मॅडम," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, ड्राफ्ट्समन नकाशातली चूक दाखवतो तसं त्याने दाखवलं. आणि ते बरोबरच होतं. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी खोट आहे. ती कोणाच्या दुष्टपणामुळे नाही. आजारी माणसांनाच विमा विकला तर कंपनी चालत नाही, हेही तितकंच खरं. हे दोन्ही मला माहीत असायचं, आणि संध्याकाळी मी घरी जाऊन भाजी चिरायची.

काही वर्षं गेली. ते दोघं अधूनमधून भेटत. राजन तर नीलमचा हप्ता भरायला स्वतः यायचा आणि माझ्या टेबलाशी येऊन नमस्कार करून जायचा. एका मार्चमध्ये नीलम स्वतः आली, हात गळ्यात बांधलेला. ग्लायडर उतरताना वारा पडला आणि ती धावपट्टीच्या अलीकडे गव्हाच्या शेतात उतरली. खांद्याचं हाड मोडलं होतं. शेतकरी आधी गव्हासाठी भांडला आणि मग त्यानेच तिला ट्रॅक्टरवरून नेलं, हे ती रंगवून सांगत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता मी बंद करते आहे. जास्तीचा हप्ता काढून टाका."

"हाडामुळे?"

"नाही. राजनला छातीत धडधडायला लागलंय. डॉक्टर म्हणतात औषधं घ्या, जपा. एका घरात एक जोखीम पुरे."

मी तिला नियम सांगितला. आपण हा छंद सोडला आहे आणि पुढे करणार नाही, असं तिने लेखी द्यायला हवं. तिने कागद घेतला, पेन घेतलं आणि लिहिलं, 'सध्या बंद आहे.'

"एवढ्याने नाही चालणार. पुढे करणार नाही, असं हवं."

ती म्हणाली, "तसं मी कसं लिहू? मला माहीत नाही ते."

"लिहा जी," मागे उभे असलेले गुलाटी म्हणाले. "पुढे उडवायचंच झालं तर तेव्हा बघू."

तिने पेन खाली ठेवलं. "मग राहू दे. भरते मी जास्तीचा."

आणि तिने भरला. वर्षानुवर्षं, एकदाही वर न जाता, त्या न उडवलेल्या ग्लायडरसाठी ती जास्तीचा हप्ता भरत राहिली. गुलाटी कपाळावर हात मारून घेत. मला त्या बाईचं कौतुक वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

मग खाजगी कंपन्या आल्या. चंडीगडमध्ये काचेच्या दारांची ऑफिसं उघडली, टाय लावलेली मुलं दिसू लागली. त्याच सुमारास सरकारी कंपनीने माझी बदली दूर बिहारमध्ये केली. यांची नोकरी इथे, मुलगी बारावीत. मी राजीनामा दिला आणि मध्य मार्गावरच्या एका नव्या कंपनीत रुजू झाले. काम तेच, पण टेबलावर कॉम्प्युटर आला. गुलाटीही मागोमाग आले. सफारी सूट जाऊन टाय आला, खांद्यावर हात ठेवायची सवय तशीच.

नव्या कंपनीत एक मोठा फरक होता. अवघड प्रस्तावाची जोखीम आम्ही एकट्याने घेत नसू. परदेशातली एक मोठी कंपनी त्यातला वाटा उचलत असे, आणि तिच्याकडे जगभरच्या आजारी माणसांचा अनुभव होता. फुग्याने झडप उघडलेली माणसं पुढे किती जगतात, हे आता कोणालातरी माहीत झालं होतं. मी गुलाटींना म्हटलं, "सूदांना विचारा, अजून इच्छा आहे का."

राजन दुसऱ्याच दिवशी आला. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं, की सगळं सांगायचं. झडप, फुगा, आणि ती धडधड. औषधांची नावं, वैद्यकीय संस्थेत कधी कधी गेलात ते, सगळं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या घरात न सांगण्याची सोयच नाही. नीलम बसलीय ना."

नव्या तपासण्या झाल्या. पाठकांनी मत दिलं: आज ठीक, पण धडधड असल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे, औषध नियमित हवं. मी ते परदेशी कंपनीला कळवलं, धडधडीसह. तिकडून होकार आला. हप्ता सर्वसाधारण माणसाच्या कितीतरी पट. मी गुलाटींना बजावलं, आकडा आधी सांगा, मग अभिनंदन करा. राजनने आकडा ऐकला, बायकोकडे बघितलं, आणि होकार दिला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात लाडू घेऊन आला. सगळ्या टेबलांवर वाटत फिरला. "मेडिकल में पहली बार पास हुआ हूँ," असं प्रत्येकाला सांगत होता. टायवाल्या मुलांना वाटलं, याला नोकरी लागली.

पुढच्या वर्षी, हिवाळ्यात, राजन कारखान्यात आपल्या बोर्डापाशी उभा असताना कोसळला. मेंदूत गुठळी अडकली होती. वैद्यकीय संस्थेत नेलं. पाठक स्वतः बघत होते, पण तो शुद्धीवर आला नाही. पाठकांनीच मला फोन केला. "वहिनी, तुमचा सूद गेला," असं म्हणाले. तुमचा, असं म्हणाले.

मी मनीमाजऱ्याला गेले. जुन्या बाजारामागचं घर, बाहेर सतरंजीवर पुरुष बसलेले, आत बायका. राजनची आई भिंतीला टेकून होती. नीलमने मला बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "औषध एक दिवसही चुकलं नव्हतं." जणू मी तिच्यावर आरोप करणार होते. मी म्हटलं, मला माहीत आहे.

विमा घेऊन दोन वर्षांच्या आत माणूस गेला, तर त्या दाव्याची चौकशी होतेच. ते योग्यच आहे. काही लपवून विमा घेतला असेल तर ते बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उघडं पडतं. दाव्यांच्या विभागात अमित नावाचा तरुण अधिकारी होता. हुशार, मुंबईहून आलेला. त्याने चौकशीला माणूस पाठवला आणि वैद्यकीय संस्थेतून नोंदी आणवल्या. मग मला मीटिंगच्या खोलीत बोलावलं.

"मॅम, ही सरळ नकाराची केस आहे. विमा घेण्याआधी हा माणूस कित्येक वर्षं धडधडीसाठी ओपीडीत जात होता. हृदयाचा जुना पेशंट. हे प्रस्तावात कसं आलं नाही?"

"आलं होतं."

"कॉम्प्युटरवर मला फक्त 'हृदयविकार, शस्त्रक्रिया झालेली' एवढंच दिसतंय. धडधडीचा उल्लेख नाही. म्हणजे लपवलं."

राजनने भरलेला मूळ प्रस्ताव मुंबईच्या गोदामात होता. तो यायला वेळ लागणार होता, आणि अमितला महिनाअखेरीला निकाल द्यायचा होता. मी त्याला एवढंच विचारलं, "अमित, आपण त्याच्याकडून हप्ता किती घेत होतो?"

त्याने पडद्यावर बघून सांगितलं.

"नुसती झडप उघडलेल्या माणसाला किती लागला असता? परदेशी कंपनीचा तक्ता तुझ्याकडे आहे."

त्याने तक्ता काढला. त्याच्या जवळजवळ निम्मा.

"मग उरलेला निम्मा आपण कशाचा घेतला?"

तो तक्त्यावरून बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबला. झडप आणि अनियमित ठोके, दोन्ही. आकडा तंतोतंत जुळत होता. ज्या गोष्टीचे आपण पैसे घेतले, तीच आपल्याला माहीत नव्हती असं कंपनीला म्हणता येत नाही.

अमित भला मुलगा होता. "सॉरी मॅम," म्हणाला, आणि दावा मंजुरीला पाठवला. पैसे मिळाले. वरून मला मात्र एक विचारणा आली, की हा प्रस्ताव घेण्यात निवडीची चूक झाली का? मी उत्तर लिहिलं, चूक झाली नाही. अशी हजार माणसं घेतली तर काही दुसऱ्या वर्षी जाणार, हे धरूनच हप्ता लावला होता. ते उत्तर मी कोरड्या भाषेत लिहिलं. आमच्या कामात तीच भाषा असते, आणि त्या दिवशी मला ती बरी वाटली.

आता मी निवृत्त आहे. प्रस्ताव कॉम्प्युटरच पारखतो. झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये बसलेला मुलगा मोबाइलवर पाचपन्नास प्रश्नांची उत्तरं देतो आणि चहा निवायच्या आत त्याला होकार किंवा नकार येतो. लालाजींसारखी लबाडी आता जमत नाही, हे चांगलंच आहे. पिंजौरला जाऊन बघावंसं वाटणारंही आता कोणी नाही.

पैसे मिळाल्यावर महिन्याभराने नीलम ऑफिसात आली होती. मीनू तेव्हा दहावीत होती, तिच्या शिक्षणासाठी पैसे कसे ठेवावेत ते विचारायला. ते झालं. मी चहा सांगितला. ती उठेल असं वाटलं, पण ती बसून राहिली.

"एक विचारू? तुमच्या हिशोबात राजन किती जगणार होता?"

"एका माणसाचा हिशोब आम्ही करत नाही. त्याच्यासारख्या हजारांचा करतो."

"मग त्या हजारांत तो कुठे होता?"

माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर काहीतरी बरं वाटेल असं बोललं असतं. मलाही ते सुचलं होतं. पण या बाईने माझ्यासमोर कधी एक अक्षर बरं वाटावं म्हणून लिहिलं नव्हतं.

"अगदी सुरुवातीच्यांत," मी म्हटलं. "बहुतेक जण त्याच्या पुष्कळ नंतर जातील."

तिने मान हलवली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"त्याला कुठेही लवकर पोचायची सवयच होती," ती म्हणाली. "आमच्या लग्नात वरात वेळेआधी आली. पंजाब्यांची वरात, आणि वेळेआधी! माझे वडील दाढीला साबण लावून उभे होते. तसेच धावत दारात गेले त्याला घ्यायला."

चहा आला. ती लग्नाचंच सांगत राहिली, आणि मी ऐकत राहिले.